श्रीशैलची जागा

वर्षाराणीच्या वडिलांनी माजलगावात घर बांधलं, भावाने दुकान बांधलं. तिने पुण्याच्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांच्या पगाराचा प्रोग्राम बांधला, आणि लग्न ठरल्यावर तो दुसऱ्याच्या हवाली करून ती युसूफ वडगावला सासरी आली. काय काम करत होतीस, असं इथे बायकांनी विचारलं की ती म्हणायची, कंप्युटरवर होते. तेवढ्यावर विषय संपायचा. घर दाखवता येतं, दुकान दाखवता येतं. तिने जे बांधलं होतं ते दाखवायला जागाच नव्हती.

सासरचं भुसाराचं दुकान. सासरे मन्मथ आप्पा सकाळी गादीवर बसत, नवरा बसवेश्वर पोती मोजून घेई. सासू उमाबाई घरात. आणि घरात आणखी एकजण होता, ज्याला वर्षाराणीने कधी पाहिलं नव्हतं. बसवेश्वरचा थोरला भाऊ श्रीशैल तिच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी केजच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून गेला होता. उमाबाई त्याच्याबद्दल बोलायची ती आजच्या गोष्टी सांगितल्यासारखी. शैलूला शेपू चालत न्हाई. शैलूला गर्दी सोसत न्हाई. नवी सून आधी गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं की या बाईच्या बोलण्यात त्या एका माणसापुरता भूतकाळ नाही, आणि तो तिला कुणी शिकवूही शकणार नाही.

त्याला एक कारणही होतं. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. त्याला मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन, विभूती आणि बेलात बसवून माती देतात. त्यामुळे उमाबाईच्या मनात शैलू गेला नव्हता, तो ओढ्याकाठच्या रुद्रभूमीत बसला होता. सोमवारी ती तिकडे जायची, थोडा वेळ त्याच्यासमोर बसायची आणि परत यायची. तिथे काय बोलायची ते कुणी ऐकलं नाही.

रुद्रभूमी लहान. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला रस्ता, तिसऱ्या अंगाला दुसऱ्याचा ऊस. ती वाढण्यासारखी नव्हती आणि माणसं मरायची थांबत नव्हती. म्हणून समाजाच्या बैठकीत जुन्या लोकांनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. कुणी ओटा बांधायचा नाही, कारण ओटा बांधला की जागा कायमची अडते. आणि एक तप, म्हणजे बारा वर्षं झाल्याशिवाय कुणाची जागा उघडायची नाही. बारा वर्षांनी मात्र ती खुली. तिथे दुसऱ्या कुणाला बसवता येई. आधीच्याची हाडं निघतील ती त्याच खड्ड्याच्या कोपऱ्यात ठेवायची, वर बेल टाकायचा, आणि नव्या माणसाला त्याच्या सोबतीला बसवायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मातीखाली शेजारी असतातच.

तिसरी गोष्ट कुणी ठरवली नव्हती, ती आपोआप पाळली जायची. जित्या माणसाची जागा धरून ठेवत नाहीत. अमक्या जागी मला बसवा असं माणूस घरच्यांना सांगेल, पण समाजाच्या दप्तरात ते चढत नाही. जित्या माणसाच्या नावाने खड्डा राखणं म्हणजे त्याला बोलावणं धाडणं.

उमाबाईने घरच्यांना सांगून ठेवलं होतं. शैलूचं तप पुरं झालं की त्याची जागा खुली होईल. त्यानंतर ती जाईल. त्याच खड्ड्यात तिला बसवायचं आणि त्याचं जे काही निघेल ते कोपऱ्यात न ठेवता तिच्या मांडीवर द्यायचं. एवढंच. हे ती इतक्या साध्या सुरात सांगायची की जणू कुणाला परगावाहून येताना पिशवी आणायला सांगते आहे. जंगमाला, समाजाच्या पुरोहिताला, विचारलं तेव्हा तो म्हणाला, शास्त्रात असं काही ऐकलेलं नाही, पण नाही असंही ऐकलेलं नाही.

कोरोनाच्या पहिल्या बंदीत दुकान अर्धा दिवस उघडायचं. रुद्रभूमीचं दप्तर आप्पांकडे होतं आणि त्याला वाळवी लागली होती. आप्पांनी सुनेला विचारलं, हे तुझ्या कंप्युटरात बसंल का. सासरी आल्यापासून तिच्या विद्येबद्दल कुणी काही मागितलं, असं ते पहिल्यांदाच घडत होतं. तिने आनंदाने काम घेतलं. लॅपटॉपवर एक लहानसा प्रोग्राम लिहिला. जागेचा क्रमांक, बसवलेल्या माणसाचं नाव, मातीची तारीख. तारीख टाकली की प्रोग्राम स्वतः तप मोजायचा आणि जागेसमोर एक शब्द लिहून ठेवायचा. खुली, किंवा बंद. लोकांना तारखा नको असतात, तिने विचार केला. घरात माणूस गेलेलं असताना कुणी बारा वर्षांचा हिशेब करत बसत नाही. त्यांना एक शब्द पुरे.

आप्पा ओसरीवर बसून नावं सांगत, ती टंकत जाई. दोघांना ते दिवस बरे गेले. जागा ओळखू यावी म्हणून आप्पांनी खड्डे खणणाऱ्या आश्रुबाला धरून क्रमांकाचे दगडही रोवून घेतले. दप्तरात श्रीशैलचं नाव आलं तेव्हा आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि साल सांगितलं अठ्ठ्याण्णव. तिने ते टाकलं, नोंद साठवली आणि पुढच्या नावाकडे बघितलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून उमाबाईचा आवाज आला.

"आवो, ते मामांजींचं साल सांगितलं तुमी. शैलूचं बारा हाय."

बरोबर होतं. आप्पांच्या वडिलांचं नाव श्रीशैल, आणि आज्याचं नाव नातवाला ठेवलेलं. बापाच्या जिभेला लेकाच्या मरणाचं साल उच्चारवलं नाही, जिभेने त्याच नावाचं दुसरं, सोसवणारं मरण पुढे केलं. वर्षाराणीने दुरुस्तीचं पान उघडलं, अठ्ठ्याण्णव खोडून दोन हजार बारा केलं, साठवलं, पुन्हा उघडून पाहिलं. तारीख बरोबर दिसत होती. उमाबाईला तिने हाक मारून सांगितलंही, केलं आत्याबाई बरोबर. आणि कामं पुढे गेली.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. त्या वैशाखात रुद्रभूमीला उसंत नव्हती. वर्षाराणी स्वतः तापाने आतल्या खोलीत वेगळी पडली होती. आप्पा अंबाजोगाईला दवाखान्यात. सगळं बसवेश्वरवर पडलं. गल्लीतली चंद्रभागाबाई गेली तेव्हा तिचा मुलगा वैजनाथ पुण्यात अडकला होता, नातेवाईक दारं लावून बसले होते, आणि आश्रुबा फोनवर विचारत होता, कुठं खनू, मालक, ल्हवकर सांगा. बसवेश्वरने लॅपटॉप उघडला. खुल्या जागांच्या पानावर फक्त क्रमांक येत. त्याने त्यातला एक सांगितला. आश्रुबाने खणलं. पांढरे अंगरखे घातलेल्या चौघांनी चंद्रभागाबाईला बसवलं. त्यांच्यातला एकही लिंगायत नव्हता, पण बसवायचं कसं ते आश्रुबाने बांधावरून ओरडून सांगितलं. मग बसवेश्वरने नवी नोंद केली. तो त्या दिवसांत इतक्या नोंदी करत होता की आपण कुणाला कुठे ठेवतो आहोत, हा विचार त्याला शिवला नाही.

उमाबाईला त्या वर्षी घराबाहेर सोडलंच नाही. पुढे पाऊस येऊन माती बसली, गवत उगवलं. आणि मग तिचे पाय सुजायला लागले.

मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिस सुरू झालं. वर्षाराणी तिच्यासोबत जायची. पाणी मोजून, मीठ बंद, केळं बंद, हातावर सुयांच्या गाठी. मशीनवरून उठली की उमाबाई दिवसभर गोणपाटासारखी पडून राहायची. दुसऱ्या दिवशी जरा बरी, तिसऱ्या दिवशी पुन्हा सूज. हे चक्र कुठे जाणार ते डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. मूत्रपिंड बदलण्याचं वय आणि अंग दोन्ही नव्हतं. किती दिवस, या प्रश्नावर ते म्हणाले, येत राहील तोवर.

येत राहायचं की नाही हे मात्र उमाबाईने आपल्या हातात ठेवलं होतं. तिने घरात स्पष्ट सांगितलं. शैलूचं तप चोवीसच्या माघात पुरं होतंय. तवर मी मशीनीवर बसंन. त्याच्याआधी मेले तर तुमी मला दुसरीकडं बसवताल, म्हनून. माघ झाला की मला न्यायचं न्हाई, आन कुनी रडायचं न्हाई.

म्हणून ती जगत होती. सुया टोचताना ती तोंड फिरवायची नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस एका मंगळवारी आला नाही आणि नंतर कधीच आला नाही, तेव्हाही तिने विचारपूस केली नाही. तिला फक्त एक तारीख गाठायची होती. माणसं जगण्यासाठी तारखा ओलांडत जातात. ती एका तारखेपर्यंत पोचून थांबण्यासाठी जगत होती, आणि त्यात तिचं चित्त इतकं शांत होतं की वर्षाराणीला कधीकधी तिचा हेवा वाटायचा.

पौषात एका दुपारी उमाबाई म्हणाली, माघ आला गं जवळ, तुझ्या त्या मशीनीत एकदा बघून ठेव.

वर्षाराणीने बघितलं. श्रीशैलच्या नावावर मातीची तारीख बरोबर होती, दोन हजार बारा. तिने जागेचं पान उघडलं. जागा बंद. खुली होण्याचं साल दोन हजार तेहतीस. तिला वाटलं, मोजणीत काहीतरी चुकलं. मग तिची नजर खाली गेली. त्या जागेवर दोन नावं होती. खालचं चंद्रभागाबाईचं.

वर्षाराणीने लॅपटॉप जवळ ओढला. मग जुना लिहिलेला प्रोग्राम उघडला आणि आपल्याच हाताने लिहिलेल्या ओळी परक्या माणसाच्या असाव्यात तशा वाचत गेली. कारण सापडायला वेळ लागला नाही. खुली की बंद, हा शब्द मोजला जायचा तो नवी नोंद करताना. त्या दिवशी आप्पांनी अठ्ठ्याण्णव सांगितलं, नोंद साठवली गेली, आणि अठ्ठ्याण्णवला बारा वर्षं होऊन गेलेली असल्यामुळे जागेसमोर खुली हा शब्द लिहिला गेला. मग तिने दुरुस्ती केली. दुरुस्तीच्या पानावर तिने फक्त तारीख बदलण्याची सोय केली होती. तारीख बदलली तर तिच्यावरून काढलेला शब्दही पुन्हा काढला पाहिजे, हे तिथे लिहायचं राहून गेलं होतं. दरवर्षी एकदा ती फेरमोजणी चालवायची, पण ती फक्त बंद जागांकडे बघायची. त्यांतली कुठली आता खुली झाली एवढंच. उघड्याला पुन्हा कोण तपासतो.

म्हणजे वर्षभर एकाच पानावर बरोबर तारीख आणि चुकीचा शब्द शेजारीशेजारी उभे होते. कुणीही पाहिलं असतं तर तारीख पाहून समाधान पावलं असतं. तिनेही पाहिलं होतं. आणि खणणाऱ्याने तारीख विचारली नाही. त्याला शब्द हवा होता.

ती आश्रुबाकडे गेली. मनात अजून एक वेडी आशा होती की त्याने भलतीकडे खणलं असेल. आश्रुबा दारात बिडी ओढत बसला होता. तिने जागा सांगितली, चंद्रभागाबाईचं नाव सांगितलं.

"तितंच खनलं की," तो म्हणाला. "बसूभैयानं नंबर सांगितला, दगुड बघितला आन खनलं."

"आत काही निघालं नाही का?"

"निघालं. निघतंच. सगळीकडंच निघतंय, बाई." त्याने बिडी विझवली. "कवळी वाटली जरा हाडं. पर त्या दिसांत कोन बघतंय? मागं दोन गाड्या हुब्या व्हत्या."

कोपऱ्यात ठेवलीस ना, तिने विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला. ठेवली असतील, म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, ठेवली, ठेवली. त्या दुसऱ्या वेळच्या ठामपणात तिला कळायचं ते कळलं.

घरी तिने आधी नवऱ्याला सांगितलं, मग दोघांनी मिळून आप्पांना. बसवेश्वर भिंतीला टेकून खाली बसला. नंबर त्याच्या तोंडून गेला होता. आपल्या भावाच्या जागेचा नंबर आपल्याला माहीत नव्हता, असं तो परत परत म्हणत राहिला. भावाला खांदा दिला तेव्हा दगड कुठं होते. मग सावरल्यावर त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आईला काही सांगायचं नाही. माघात तिने विचारलं तर म्हणायचं, जागा अजून बंद आहे, समाजाने मुदत वाढवली. म्हणजे ती मशीनवर जात राहील. वर्ष निघेल, दोन निघतील.

आप्पांचं उलट होतं. ते म्हणाले, खुली हाय म्हन. तिला सुखानं थांबू दे. मी बघतोय तिचे हात. मेल्यावर कुठं बसवलं ते तिला कुठं दिसनार हाय. तवा शेजारची जागा बघू. मातीच हाय सगळी.

दोघंही तिच्याकडे बघत होते, कारण उमाबाई विचारणार होती ती तिलाच. नवऱ्याला आई हवी होती म्हणून त्याला शब्द बंद हवा होता. सासऱ्यांना बायकोचे हाल बघवत नव्हते म्हणून त्यांना शब्द खुली हवा होता. दोघांच्याही मागण्यांत माया होती. आणि दोन्ही उत्तरं खोटी होती. ती एका शब्दाने बाईला आठवड्यातून दोनदा सुयांवर धाडणार होती, किंवा दुसऱ्या शब्दाने तिला एका भलत्या खड्ड्यात पाठवणार होती.

बसवेश्वरने वैजनाथला फोन करून पाहिला. वैजनाथ चांगला माणूस. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, माझ्या आईला मी शेवटचं बघितलंसुद्धा नाही, आता तिला उठवा म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू. बसवेश्वरने फोन ठेवला. जंगमाला विचारायची गरजही पडली नाही. तप पुरं व्हायच्या आत जागा उघडत नाहीत. नियम जसा श्रीशैलला होता तसा चंद्रभागाबाईला होता. फक्त श्रीशैलच्या वेळी तो कुणी पाळला नव्हता.

वर्षाराणीने प्रोग्राम दुरुस्त केला. खुली-बंद हा शब्द आता कुठे लिहून ठेवायचाच नाही. कुणी विचारलं की त्या क्षणी तारखेकडे जायचं आणि मोजून सांगायचं. जे दुसऱ्या गोष्टीवरून निघतं ते साठवलं की त्याचा आपला एक जीव होतो. मूळ गोष्ट बदलते आणि ते आपल्या जागी बसून राहतं. हे तिला पुण्यात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि तिला ते पाठ होतं. दुरुस्ती जेमतेम चार ओळींची निघाली. तिने बाकीच्या सगळ्या जागा तपासल्या. आणखी एका जागेचा शब्द चुकलेला होता, ती अजून कुणी खणली नव्हती, ती वाचली. कुणाची ते तिने पाहिलं. त्या घरातलं आता गावात कुणी राहत नव्हतं.

पडद्यावर सगळं आता खरं होतं. ओढ्याकाठी त्याने एक ढेकूळही हललं नाही.

माघ लागला. मंगळवारी अंबाजोगाईला उमाबाईच्या हातात सुया घातल्या, नळ्यांतून रक्त बाहेर जाऊन परत यायला लागलं. वर्षाराणी शेजारी स्टुलावर बसली होती. काय सांगायचं ते तिने रस्ताभर ठरवलं होतं, आधी नवऱ्याचं, मग सासऱ्यांचं, मग पुन्हा नवऱ्याचं. उमाबाई छताकडे बघत होती.

"लागला माघ," ती म्हणाली. "झाली का खुली?"

वर्षाराणीच्या तोंडून खरंच निघालं. धीटपणा वगैरे नव्हता त्यात. पुन्हा एकदा चुकीचा शब्द लिहून ठेवायची तिची ताकद संपली होती.

"माझ्या हातून गेली ती जागा, आत्याबाई. कोरोनात दुसऱ्याला दिली."

"कुनाला?"

"चंद्रभागाबाईला."

मशीनचा आवाज एकसारखा चालला होता. समोरच्या खाटेवरचा म्हातारा झोपेत तोंड हलवत होता.

"वैजिनाथच्या आईला," उमाबाई म्हणाली. "लई बोलायची ती. गिरनीत गेली तर पीठ निवेस्तोर बोलत बसायची."

वर्षाराणीने मान खाली घातली.

"शैलूला लई बोलनं सोसत न्हाई."

मग तिने मान वळवली आणि सुनेकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "पर म्या साल सांगितलं व्हतं की तुला. चुलीपसून सांगितलं, बारा हाय म्हनून."

"सांगितलं होतं. मी लिहिलंही होतं."

"मंग?"

वर्षाराणीने जमेल तसं सांगितलं. तारीख बदलली, पण तारखेवरून जे ठरत होतं ते आधीच ठरून गेलं होतं, ते बदललं नाही. तिला वाटलं, हिला हे कळणार नाही.

"म्हंजी सांगून उपेग झाला न्हाई," उमाबाई म्हणाली.

"नाही झाला."

"आता परत कवा?"

तिने साल सांगितलं. उमाबाईने ते मनात कुठेतरी ठेवून पाहिलं असावं, कारण तिचे ओठ हलले. मग तिने मोकळ्या हाताने पांघरूण जरा वर ओढलं. त्या हाताची त्वचा कागदासारखी झाली होती.

"तवर ही मशीन चालवत न्हाईत मला. डाक्टरच म्हनलाय."

वर्षाराणीने पांघरुणाची कड तिच्या खांद्याखाली खोचली.

"मंग आता मी कवा थांबू, ते तरी सांग."

याचं उत्तर तारखेवरून निघत नव्हतं. ते कशावरूनच निघत नव्हतं. नर्स आली, दाब बघितला, नळीचा चिमटा सारखा केला आणि गेली. परतीच्या वाटेवर उमाबाई रिक्षात डोळे मिटून बसली. घरी आल्यावर तिने कुणालाच काही विचारलं नाही. आप्पांनी सुनेच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि ते दुकानात जाऊन बसले. बसवेश्वर त्या दिवशी बायकोशी बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

शुक्रवार आला. न्यायचं की नाही, कुणी बोलायला तयार नव्हतं. रिक्षा दारात आली तेव्हा उमाबाई चपला घालून पायरीवर बसली होती. औषधांची पिशवी मांडीवर.

माघ गेला. फाल्गुन गेला. ती जात राहिली. बसवेश्वरचा राग हळूहळू उतरला. आईने मनावर घेतलं, असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. तिला जगायचंय, तो म्हणायचा, आणि त्याच्या आवाजात उभारी असायची. खरं सांगितलं तेच बरं झालं, असंही तो बायकोला एकदा म्हणाला. आप्पा ऐकून घेत आणि ज्वारीच्या पोत्यात हात घालून दाणे वर काढून बघत राहत.

वर्षाराणीला माहीत होतं. उमाबाई आता शैलूबद्दल बोलत नव्हती. शेपूची भाजी झाली तरी नाही. ती दिलेलं खायची, नेलं तिकडे जायची, हात पुढे करायची. पूर्वी टोचल्यावर ती ओठ घट्ट मिटायची, आता तेही करत नव्हती. जगावं असं काही उरलं नव्हतं. पण मरायलाही माणसाला कुठेतरी जायचं असतं, आणि तिचं ते जाण्याचं ठिकाण काढून घेतलं होतं. राहिली होती ती सवय, आठवड्यातून दोनदा.

चैत्रात एकदा नव्या नर्सने सुई काढून कापूस दाबता दाबता कौतुकाने म्हटलं, आजी, तुमची हिंमत बाई मोठी, इथं तरणी माणसं कंटाळून सोडून देतात.

"हिंमत कुठली, बाई," उमाबाई म्हणाली. "थांबायचं कवा ते ठरंना म्हनून येते."

नर्स हसली. तिला ती गंमत वाटली. तिने कार्डावर पुढचा वार लिहिला आणि कार्ड वर्षाराणीच्या हातात दिलं. वर्षाराणीने तो वार वाचला, पुन्हा वाचला, कार्ड पिशवीत ठेवलं आणि सासूला उठवण्यासाठी तिच्या पाठीमागे हात घातला.